तळाशी उरलेले : सोलापूर आणि तेलाचा हिशेब

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात पहिला मान तेलाचा असतो. ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेचा आरंभ यण्णीमज्जनाने होतो. कन्नडमध्ये ‘एण्णे’ म्हणजे तेल आणि ‘मज्जन’ म्हणजे स्नान. मानाचे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात आणि शहराच्या परिसरातील अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक केला जातो. मग अक्षता सोहळा, होम, शोभेचे दारूकाम. सोलापूरकर ज्याला नुसते ‘गड्डा’ म्हणतात ती जत्रा त्यानंतरही होम मैदानावर कितीतरी दिवस रेंगाळते. पाळणे, खेळणी, भांड्यांची दुकाने आणि त्यांच्या मध्ये रात्री उशिरापर्यंत उकळत राहणाऱ्या भजी-पापडांच्या कढया.

देवाला घातलेल्या तेलाचा मान सर्वांना ठाऊक आहे. कढईतल्या तेलाचे पुढे काय होते, याची विचारपूस मात्र फारसे कोणी करीत नाही. सकाळी सोनेरी असलेले तेल रात्री काळपट, दाट आणि फेसाळ होते. दुकान आवरताना ते गाळून पुन्हा डब्यात भरले जाते, दुसऱ्या दिवशी त्यात नवे तेल मिसळले जाते. आणि जेव्हा ते अगदीच निरुपयोगी होते, तेव्हा एक तर स्वस्तात कोणाला तरी विकले जाते किंवा जवळच्या गटारीत ओतले जाते. जत्रेतच असे घडते असे नव्हे. शहरातील प्रत्येक फरसाणाच्या भट्टीवर, वसतिगृहाच्या भटारखान्यात आणि लग्नसराईतील प्रत्येक मंगल कार्यालयामागे हाच प्रश्न डब्यात भरून उभा असतो.

वस्तुतः सोलापूर हे उरलेल्या वस्तूंची किंमत ओळखणारे शहर. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, ती पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. गिरण्यांच्या भोवती चिंधी आणि टाकाऊ सुताचा स्वतंत्र व्यापार उभा राहिला. सरकीतून तेल निघाले, पेंड गुरांना गेली. जिल्ह्यात साखर कारखाने वाढले तसा उसाचा चोथा बॉयलरला, मळी अल्कोहोलला आणि प्रेसमड शेताला जाऊ लागली. रब्बी ज्वारीच्या शेताभोवती जनावरे आत शिरू नयेत म्हणून काटेरी करडईचे पट्टे पेरण्याची रीत जुनी आहे; कुंपणाचे कुंपण, तेलाचे तेल. येथील कृषी संशोधन केंद्राने ‘भीमा’ आणि ‘फुले कुसुमा’ हे करडईचे वाण दिले, तेही याच कोरडवाहू काटकसरीतून.

या शहरातील जैन व्यापारी घराण्यांचा इतिहासही याच बाजारपेठांतून वाढला. हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकात येथून ‘जैन बोधक’ सुरू केले. त्यांचे पुत्र वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्या कारखानदारीसाठी देशाला माहीत झालेल्या या उद्योगपतीने कंत्राटदारीची पहिली पावले बार्शी लाइट रेल्वेच्या कामात टाकली, हे जिल्ह्यातील जुनी माणसे आजही अभिमानाने सांगतात. फलटण गल्लीतून ग्रंथमालेचे ग्रंथ निघावेत आणि चाटी गल्लीत कापडाचे तागे उलगडावेत, असे हे शहर. अशा शहरातील एखाद्या पेढीवर नातवाने जळक्या तेलापासून डिझेल करण्याचा विचार मांडला, तर आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “ते होईल रे बाळ, पण खाली राहील त्याचे काय करशील?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. या सगळ्या उद्योगाचे मर्म त्या ‘खाली राहील’ मध्येच आहे.

तळणाच्या तेलाबाबत कायदा आता स्पष्ट आहे. तेल वारंवार तापले की त्यात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ नावाची हानिकारक संयुगे वाढतात. ती २५ टक्क्यांपलीकडे गेली की ते तेल अन्नासाठी वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तळणासाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी आणि वापरलेले तेल अधिकृत संकलकालाच द्यावे, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितले आहे. जळके तेल पुन्हा कोणाच्या तरी ताटात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. ते डिझेलकडे वळावे म्हणून प्राधिकरणाने त्याच वर्षी स्वतंत्र मोहीमही सुरू केली. ज्या व्यापाऱ्याची कढई मोठी आहे, त्याने संकलकाला तेल देऊन पावती घ्यावी, हा सर्वांत सरळ मार्ग. लहान प्रमाणावर स्वतःच बायोडिझेल करून आपल्या जनरेटरसाठी वापरावे, ही ओढ मात्र अनेक तरुणांना लागते, आणि ती समजण्यासारखी आहे. शेवटी, १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात डिझेलचे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले गेले होते. शेंगा चटणीच्या गावाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

कृती कागदावर सोपी दिसते. गाळलेले तेल तापवून त्यातील पाण्याचा अंश घालवायचा. मिथेनॉलमध्ये कॉस्टिक पोटॅश किंवा कॉस्टिक सोडा विरघळवून ते मिश्रण कोमट तेलात मिसळायचे, पंचावन्न-साठ अंशांवर तासभर ढवळायचे आणि रात्रभर निवू द्यायचे. तेल जितके अधिक जळलेले, तितके त्यात आम्ल अधिक आणि तितका क्षार जास्त लागतो. तो किती, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत फिनॉल्फथॅलीन वापरतात; घरगुती प्रयोग करणारे हळदही वापरतात. क्षार पुरेसा झाला की हळद लाल होते. हळदीला चुन्याची साथ देऊन कुंकू करणाऱ्या घरांना हा रंग नवा नाही.

सकाळी भांड्यात दोन थर दिसतात. वर पातळ, मधाच्या रंगाचे बायोडिझेल; तळाशी काळसर, चिकट, काकवीसारखा द्रव. साधारण १०० लिटर तेलाला २० लिटर मिथेनॉल आणि किलोभराहून थोडा अधिक क्षार लागतो. वर ९५ लिटरच्या आसपास इंधन मिळते आणि खाली १५ ते २५ किलो गाळ राहतो. महिन्याला २०० लिटर जळके तेल निघणाऱ्या एखाद्या फरसाणवाल्याने हे वर्षभर केले, तर त्याच्या गोदामात चारशे-पाचशे किलो चिकट काकवी साठेल. डिझेल जळून जाईल. ही जळणार नाही, विकली जाणार नाही आणि उन्हाळ्यात दरवळू लागेल.

या गाळाला लोक सरसकट ‘ग्लिसरीन’ म्हणतात आणि तेथेच फसगत सुरू होते. औषधांच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन स्वच्छ, गोड आणि जवळजवळ शुद्ध असते. शेले या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात ते प्रथम वेगळे केले, तेही ऑलिव्ह तेलातून, आणि त्याच्या गोडव्यावरूनच त्याचे नाव पडले. भांड्याच्या तळाशी असलेल्या काकवीत मात्र ग्लिसरीनबरोबर साबण, न वापरलेला क्षार, थोडे तेल, अन्नाचे कण आणि, सर्वांत धोकादायक, उरलेले मिथेनॉल असते. ते शुद्ध करायला ऊर्ध्वपातनाचे मोठे यंत्र लागते आणि शुद्ध करणारे कारखाने टँकरच्या हिशेबाने माल घेतात, डब्याच्या नव्हे. शिवाय या शतकाच्या पहिल्या दशकात जगभर बायोडिझेलचे कारखाने वाढले तेव्हा ग्लिसरीनचा इतका पूर आला की भाव कोसळले आणि ग्लिसरीन मुद्दाम तयार करणारे कारखाने बंद पडले. गोदामातील पाच डबे घेऊन या बाजारात उतरण्यात व्यापारी शहाणपण नाही.

म्हणून उपयोग जवळचा शोधावा लागतो. आणि तो शोधताना एक गोष्ट ध्यानात येते. गाळाचे काय करता येईल, हे गाळ तयार झाल्यावर ठरत नाही. कोणते तेल घेतले आणि कोणता क्षार घातला, त्याच क्षणी ते ठरून गेलेले असते.

आधी क्षाराचे पाहावे. कॉस्टिक सोडा स्वस्त आणि कोठेही मिळणारा. कॉस्टिक पोटॅश महाग. साहजिकच नवखा माणूस सोडा घेतो. पण सोड्यातील सोडियम गाळात उतरते, आणि सोलापूरच्या भारी काळ्या जमिनीचा सोडियम हा जुना वैरी आहे. ती जमीन आधीच पाणी धरून ठेवते. निचरा कमी असेल तेथे क्षार वर येतात, माती चोपण होते, पावसात चिखल आणि उन्हात दगड. अशा जमिनीवर सोड्याचा गाळ टाकणे म्हणजे दरवर्षी थोडी थोडी शेती मारणे. कॉस्टिक पोटॅश घेतल्यास उलट घडते. गाळात फॉस्फरिक आम्ल मोजून घातले की त्याचे थर होतात : वर मोकळी झालेली तैल आम्ले, मध्ये ग्लिसरीन आणि तळाशी पोटॅश व स्फुरद यांचे क्षार. हे शेवटचे म्हणजे खत. डाळिंबाला पोटॅश लागतो हे सांगोला-पंढरपूरकडच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे.

अर्थात येथे स्वप्ने पाहू नयेत. किलोभर कॉस्टिक पोटॅशमधून शेताला जो पोटॅश मिळतो तो जेमतेम पाऊण किलोच्या आतला. त्यावर बाग पिकत नाही. पण महाग क्षारासाठी मोजलेल्या पैशांतला काही भाग परत येतो आणि जमीन बिघडत नाही, एवढे खरे. मधल्या थरातील ग्लिसरीन पालापाचोळा आणि शेण यांच्या खड्ड्यात पातळ करून, थोडे थोडे शिंपडले तर जिवाणू ते भराभर खातात व खत तापते. एकदम ओतले तर खड्डा गुदमरतो आणि घाण सुटते.

आता तेलाचे. जैन घरांत साबणाच्या वडीकडे आणि औषधाच्या कॅप्सूलकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी असते : यात चरबी तर नाही? खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर ४२२ हा क्रमांक असला तर तो ग्लिसरीनचा. ते वनस्पतीचे की प्राण्याचे, हे नुसत्या क्रमांकावरून कळत नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी गोदरेजांनी चरबीविरहित, वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला तेव्हा त्याला देशात जे स्वागत लाभले त्यामागे हीच दृष्टी होती. जळक्या तेलाच्या बाबतीत ती अधिकच लागू पडते. फरसाणाच्या भट्टीतले तेल शाकाहारी असेल. हॉटेलांतून गोळा केलेल्या तेलात काय काय तळले गेले, ते कोणीच सांगू शकत नाही. एकदा दोन्ही डबे एकत्र झाले की त्यांपासून झालेल्या साबणाविषयी कोणाला शब्द देता येत नाही. तेव्हा ज्याला साबण करायचा आहे त्याने डब्यांवर नावे घालायची ती आरंभीच.

गाळाचा साबण हा घरगुती उपयोगांत सर्वांत जुना व भरवशाचा. आधी मिथेनॉल पूर्ण काढून टाकायचे. मग उरलेल्या तेलाचा साबण होईल इतकाच क्षार मोजून घालायचा, ऊन देऊन घोटायचे आणि चार-सहा आठवडे मुरू द्यायचे. पोटॅशचा गाळ असेल तर साबण मऊ, लोण्यासारखा होतो. सोड्याचा असेल तर वडी धरतो. शेतीचा हिशेब पोटॅशच्या बाजूचा आणि वडीचा सोड्याच्या बाजूचा, अशी ही ओढाताण आहे. पोटॅशचा मऊ साबण गॅरेजमधले तेलकट हात, गोदामाची फरशी, ट्रकचा चासी यांसाठी उत्तम. तोंडाला आणि लहान मुलांना तो लावू नये. पीएच तपासल्याशिवाय कोणालाच देऊ नये. आणि सुवासिक रंग घालून प्रदर्शनात ‘हर्बल’ म्हणून मांडण्याचा मोह तर अवश्य टाळावा.

हा सगळा व्यवहार कल्पनेतला नाही. ओडिशात मोहुदा येथील ‘ग्रामविकास’ संस्थेच्या साथीने २००४ च्या सुमारास काही आदिवासी खेड्यांत मोह, करंज आणि कारळे यांच्या तेलापासून बायोडिझेल करण्यात आले. ढवळण्याचे यंत्र सायकलच्या पायडलवर चालणारे होते, आणि त्या इंधनावर चालणारा पंप गावाला पाणी चढवून देत असे. पेंड शेताला गेली, ग्लिसरीनचा साबण झाला. प्रमाण लहान ठेवल्यामुळे उरलेली प्रत्येक वस्तू गावातच जिरविता आली. याउलट त्याच काळात देशभर मोगली एरंडाची लाट आली. पडीक जमिनीवर तेलाच्या खाणी उभ्या राहतील असे सांगितले गेले, महाराष्ट्रातही लागवडी झाल्या. उत्पादन अपेक्षेच्या जवळपासही आले नाही. आणि पेंड विषारी असल्याने ती गुरांपुढे ठेवताही येईना. तेलघाणीचे अर्थशास्त्र शतकानुशतके पेंडीवर उभे आहे, ही साधी गोष्ट त्या योजनांत कोणाच्या लक्षात कशी आली नाही, याचे आश्चर्य वाटते.

गुरांचा विषय निघालाच आहे. सोलापुरात पांजरापोळ चौक आहे. नावातच भूतदयेची परंपरा आहे. ग्लिसरीन गोड असते, त्यातून जनावराला शक्ती मिळते, परदेशांत ते पशुखाद्यात घालतात, हे वाचून कोणा सज्जनाला वाटू शकेल की हा गाळ गोशाळेला दान द्यावा. असे दान कदापि देऊ नये. परदेशी खाद्यात जाते ते तपासलेले ग्लिसरीन. त्यात मिथेनॉल दहा लाख भागांत १५० भागांहून अधिक चालत नाही. घरगुती गाळात ते त्याच्या कितीतरी पट असू शकते, आणि मिथेनॉलने डोळे जातात, जीव जातो. मुक्या जनावराला ते सांगताही येत नाही.

पण गोशाळेत दुसरी जागा आहे. शेणाच्या गोबरगॅस टाकीत हाच गाळ कामाला येतो. एक किलो ग्लिसरीनपासून तत्त्वतः ४०० लिटरच्या आसपास मिथेन निघू शकतो. ताज्या शेणाच्या किलोमागे एकूण गॅस चाळीसएक लिटरच मिळतो. उरलेले थोडे मिथेनॉलही टाकीतील जिवाणू पचवितात. मात्र शेणकाल्याच्या शेकडा एका भागापासून सुरुवात करून आठवडेन् आठवडे हळूहळू वाढवावे. हाव केली तर टाकी आंबते, गॅस बंद होतो आणि पुन्हा सुरू व्हायला महिना लागतो. येथेही पोटॅशचा गाळ बरा. सोडियम वाढले की टाकीही रुसते आणि स्लरी शेतात गेल्यावर जमीनही. ज्या दुग्धव्यवसायाकडे किंवा संस्थेकडे चालू गोबरगॅस आहे, त्यांच्याशी ठरवून महिन्याला दोन-तीन डबे पोचविणे, हा लहान व्यापाऱ्यासाठी बहुधा सर्वांत निर्वेध मार्ग ठरेल.

यंत्रमागाच्या शहरात आणखी एक उपयोग सुचतो. सुताला खळ देताना ते कडक होऊन तुटू नये म्हणून त्यात मऊपणा आणणारे द्रव्य घालतात; पूर्वी गिरण्यांत त्यासाठी चरबी वापरीत, आणि ओल धरून ठेवण्यासाठी ग्लिसरीनही. तेव्हा चरबीच्या जागी वनस्पतीचे ग्लिसरीन, ही कल्पना मनाला फार सुखावते. पण काळसर गाळ पांढऱ्या टॉवेलच्या सुताला दिला तर पिवळे डाग पडतील आणि माल परत येईल. शुद्ध ग्लिसरीनचे काम गाळावर सोपवू नये. भुशाबरोबर मळून कांड्या करणे व जाळणे यातही फसवेपणा आहे : मंद आचेवर ग्लिसरीन जळले की अॅक्रोलीन नावाचा डोळे-फुप्फुसांना झोंबणारा विषारी वायू निघतो. प्रखर भट्टीच्या मोठ्या बॉयलरमध्ये ते चालेल. चुलीत, शेगडीत किंवा तंदुरीत कधीच नाही.

मिथेनॉलबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण या साऱ्या प्रकरणात जीव जाण्याचा धोका तेथे आहे. ते ६४.७ अंशांवर उकळते, खोलीच्या तापमानातही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्याची खरेदी, साठवण आणि वापर यांवर कायद्याची बंधने आहेत, ती उगाच नाहीत. राहत्या वाड्याच्या तळमजल्यावर, कापडाच्या ताग्यांशेजारी, घरातल्या गॅसवर हा प्रयोग करणे म्हणजे घर पणाला लावणे. गाळातील मिथेनॉल उघड्यावर उकळून उडविण्याऐवजी बंद भांड्यातून नळीने थंड करून परत मिळविले तर ते पुढच्या घाण्याला वापरता येते. पैसा वाचतो आणि उरलेला गाळ वर सांगितलेल्या कोणत्याही कामाला लायक होतो. हे ज्याला करता येत नाही, त्याने तेल संकलकाला द्यावे, यात कमीपणा नाही. करायचेच असेल तर परवाने, स्वतंत्र शेड आणि जाणकाराची देखरेख हवी. वालचंद इन्स्टिट्यूटसारखे अभियांत्रिकी महाविद्यालय ज्या समाजाच्या पाठशाळेने १९८३ साली उभे केले, त्या समाजाच्या मुलांना जाणकार शोधायला फार दूर जावे लागू नये. आणि इंधन विकण्याचा विचार तर दूरच ठेवावा : त्यासाठी केंद्राचे २०१९ चे नियम आहेत, नोंदणी आहे, आणि भारतीय मानक आहे. त्या मानकात मोकळे ग्लिसरीन ०.०२ टक्क्यांहून अधिक चालत नाही, कारण तेच पुढे इंजिनाचे फिल्टर आणि नोझल तुंबविते.

ते काढण्यासाठी वरचे इंधन पाण्याने धुतात, आणि सोलापूरचा खरा पेच येथे उभा राहतो. शंभर लिटर इंधन नीट धुवायचे तर तितकेच पाणी सहज लागते. ज्या शहराला उजनीचे पाणी कित्येकदा चार-पाच दिवसांआड मिळते, त्या शहरात डिझेल धुण्यासाठी पिंप भरून ठेवावे काय? आणि साबणाने पांढरे झालेले ते धुवण कोठे ओतावे? ग्लिसरीन विष नाही, पाण्यात सहज विरघळते, म्हणून लोक ते निर्धास्तपणे गटारीत सोडतात. पण पाण्यातले जिवाणू ते खाताना प्राणवायू ओढून घेतात. एक किलो ग्लिसरीन पूर्ण कुजायला सव्वा किलोच्या आसपास प्राणवायू लागतो. चांगल्या पाण्याच्या लिटरमध्ये तो आठ मिलिग्रॅमच्या आत असतो. हिशेब केला तर एका किलोने दीड लाख लिटरहून अधिक पाण्यातला प्राणवायू संपू शकतो. गटार शेवटी एखाद्या ओढ्याला, तळ्याला मिळते, आणि तेथील मासे न मारता मरतात.

मुनींच्या पाच समित्यांत शेवटची उत्सर्ग समिती आहे : टाकायचे ते जागा पाहून, जीवरहित ठिकाणी टाकावे. गृहस्थाच्या घरातही पाणी गाळल्यावर गाळण्यावर राहिलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडण्याची रीत होती. विहिरी होत्या तोवर आज्या ती कटाक्षाने पाळीत. धुवणाच्या बाबतीत ती दृष्टी अगदी व्यावहारिक ठरते. पाण्याऐवजी कोरड्या लाकडी भुशाच्या थरातून इंधन गाळले तर साबण आणि ग्लिसरीन भुसा शोषून घेतो, पाणी जवळजवळ लागत नाही, आणि तेलकट भुसा प्रखर भट्टीला देता येतो. भुसा सॉ मिलमध्ये पोत्याने मिळतो. लहान प्रमाणावर ही रीत चांगली चालते. मोठ्यांसाठी रेझिनचे स्तंभ असतात. पाण्यानेच धुवायचे असेल तर तेच पाणी दोन-तीनदा वापरून, आम्लाने त्याचा क्षारपणा मारून, गोबरगॅसच्या शेणकाल्यात मिसळावे. तेथे पाणी तसेही लागतेच.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने वहीत उतरते. जमेच्या बाजूला नव्वद-पंचाण्णव लिटर इंधन. खर्चाच्या बाजूला मिथेनॉल, पोटॅश, वीज आणि मजुरी. आणि दोन्हींच्या मध्ये एक तिसरे खाते, ज्यात गाळाचे किलो, तो कोणाकडे गेला, कोणत्या तारखेला, अशी नोंद. हे तिसरे खाते ज्याला भरता येत नाही, त्याचे पहिले खाते कागदावर नफा दाखवीत असले तरी तोटा कोणीतरी सोसत असतो : शेजारचा शेतकरी, खालच्या अंगाचे तळे किंवा गोशाळेतील गाय.

यात्रेच्या शेवटी कप्पडकळीचा विधी होतो, नंदीध्वजांची वस्त्रे उतरविली जातात. त्यानंतर होम मैदानावरचे पाळणेही सुटे होऊ लागतात. खाद्यपदार्थांच्या रांगेत कढया उलट्या घातलेल्या असतात आणि त्यांच्याशेजारी पंधरा किलोचे पत्र्याचे डबे, झाकणाला फडके बांधून. कोणत्या डब्यात कशाचे तेल आहे, ते त्यांवर लिहिलेले नसते. टेम्पो मागे लागतो, डबे एकावर एक चढतात आणि बाहेरच्या रस्त्यावर थोडे तेल सांडत जाते.